‘डोस झाले होते न त्याचे?’ : जास्तीच्या मृत्यूंची वजाबाकी

नागपूरच्या अंबाझरी घाटावर सरण रचून होईपर्यंत माणसं बाहेर घोळक्याने उभी असतात. गेलेला म्हातारा असेल तर बोलणं शेतीवर, पाण्यावर, निवडणुकीवर जातं. गेलेला तरणा असेल तर नाही जात. “जिममधून आला अन् पडला म्हणते पोट्टा.” “वय काय होतं?” “असंल चौतीस-पस्तीस.” मग सगळे गप्प, आणि तेवढ्यात कोणीतरी आवाज बारीक करून विचारतो : “डोस झाले होते न त्याचे?”

डोस म्हणजे कोविडच्या लसीचे. ते झालेलेच असतात. आज नागपुरात एकही डोस न घेतलेला प्रौढ माणूस शोधायचा तर मोहल्ले पालथे घालावे लागतील. म्हणजे अपघातात गेलेल्याचे, उष्माघाताने गेलेल्याचे, सर्पदंशाने गेलेल्याचेही डोस झालेलेच असणार. ज्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी ‘हो’च येतं, तो प्रश्न काहीच सांगत नाही. पण घाटावर हे बोलायची सोय नसते.

लसीनेच माणूस गेला, या शंकेला गेल्या काही वर्षांत एका खऱ्याखुऱ्या आकड्याचा आधार मिळाला. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत जगात 1 कोटी 49 लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये जाहीर केला. त्यातले 47 लाख भारतातले. आपल्या सरकारी नोंदीत 2021 संपेपर्यंत कोविडचे मृत्यू होते साधारण 4 लाख 80 हजार. मग मधले बेचाळीस लाख कुठून आले? कोणी म्हणालं सरकारने लपवले, कोणी म्हणालं आकडा बनावट आहे, आणि तिसरा म्हणाला : सुईने मारले. हा तिसरा तर्क अजूनही तेरवीच्या पंगतीपासून कॉलनीच्या ग्रुपपर्यंत फिरतो आहे, म्हणून त्याचा एकेक धागा सोडवून पाहू.

आधी ‘जास्तीचे मृत्यू’ म्हणजे काय ते. हा मोजून काढलेला आकडा नाही, ही वजाबाकी आहे. एखाद्या काळात प्रत्यक्ष किती माणसं गेली, त्यातून साथ नसती तर किती गेली असती तो अंदाज वजा करायचा. जे उरतं ते जास्तीचं. पहिला आकडा रजिस्टरमधून येतो. दुसरा कोणत्याच रजिस्टरमध्ये नसतो, तो बसून काढावा लागतो, आणि बहुतेक भांडणं त्या दुसऱ्या आकड्याचीच असतात. घरात मे महिन्याचं विजेचं बिल जास्त आलं का, हे डिसेंबरच्या बिलाशी ताडून कळत नाही. कूलर चालणारच होता. मागच्या मेशी ताडायचं, आणि यंदा घरात एक कूलर वाढला असेल तर तोही हिशेबात धरायचा.

मृत्यूंच्या हिशेबात हा वाढलेला कूलर म्हणजे लोकसंख्या आणि वय. माणसं वाढतात, म्हातारी माणसं त्याहून वेगाने वाढतात, त्यामुळे साथ नसतानाही दरवर्षी थोडे जास्त लोक जातातच. हे धरलं नाही तर काय होतं, त्याचा नमुना ब्रिटनमध्ये दिसला. तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाची जुनी पद्धत मागच्या पाच वर्षांच्या सरासरीची. तिने 2023 साली 31,442 जास्तीचे मृत्यू दाखवले. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी लोकसंख्येची वाढ आणि वयोमान धरणारी नवी पद्धत आणली, तेव्हा त्याच वर्षाचा आकडा 10,994 वर आला. कोणी जिवंत झालं नाही, फक्त अपेक्षेचा आकडा सुधारला. लसीकरणानंतरही ब्रिटनमध्ये माणसं मरतच राहिली म्हणणारे व्हिडिओ आजही जुनाच आकडा वापरतात.

नागपूरच्या बाबतीत वजाबाकी आणखी अडचणीची आहे, आणि हे मी तरी कुठे लिहिलेलं वाचलं नाही. आपल्याकडे मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, तो मरतो तिथे होते. मेडिकल, मेयो, एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी इस्पितळं फक्त नागपूरकरांसाठी नाहीत. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, आणि मध्य प्रदेशातून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, सगळीकडचा गंभीर रोगी शेवटी नागपूरला येतो. तो इथे दगावला तर नोंद महापालिकेच्या रजिस्टरमध्ये आणि भागाकार नागपूरच्या लोकसंख्येने. उलट तिकडे बालाघाटच्या खात्यात एक मृत्यू कमी. म्हणून महापालिकेतून माहिती अधिकारात तीन वर्षांचे आकडे काढून “बघा, लस आल्यावर मृत्यू कसे वाढले” असं कोणी दाखवलं, तर पहिला प्रश्न लसीचा नसतोच. यातले नागपूरचे किती, हा असतो.

देशपातळीवर आकडे जरा बरे बोलतात. नागरी नोंदणीत 2019 साली सुमारे 76 लाख 40 हजार मृत्यू नोंदले गेले, 2020 साली 81 लाख 20 हजार, आणि 2021 साली 1 कोटी 2 लाख. एका वर्षात एकवीस लाखांची उडी. त्याच 2021 मध्ये कोविडचे अधिकृत मृत्यू सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आत. काही वाढ नोंदणी सुधारल्याची असू शकते, पण नोंदणी एका वर्षात एवढी सुधारत नाही. सरकारने आरोग्य संघटनेच्या अंदाजामागच्या मॉडेलवर आक्षेप घेतले होते, त्यातले काही रास्तही होते. तरी ही उडी मॉडेलमधली नाही, आपल्याच रजिस्टरमधली आहे. आणि 2021 चा हा अहवाल लोकांसमोर आला मे 2025 मध्ये. चार वर्षं आकडे फायलीत पडून राहिले की त्यांची जागा अफवा घेते, यात अफवा पसरवणाऱ्याचा जेवढा दोष तेवढाच फाईल दाबून बसणाऱ्याचा.

म्हणजे जास्तीचे मृत्यू खरे आहेत आणि अधिकृत कोविड मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त आहेत. इथपर्यंत शंका घेणाऱ्याचं बरोबर आहे. वाट फुटते ती पुढे : ते कशाने?

वजाबाकी हे सांगत नाही. ती किती ते सांगते, का ते नाही. ‘का’साठी सगळ्यात साधं साधन म्हणजे तारीख.

तारखा लावून बघा. देशात लसीकरण सुरू झालं 16 जानेवारी 2021 ला, तेही फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. फेब्रुवारीत पोलीस, सफाई कामगार वगैरे. अमरावतीत रुग्ण वाढायला लागले ते याच फेब्रुवारीत, आणि 22 तारखेपासून तिथे लॉकडाऊन लागला. तेव्हा अमरावतीच्या सामान्य माणसाला लस मिळायची सोयच नव्हती. साठीच्या वरचे आणि आजार असलेले पंचेचाळीसच्या वरचे यांना 1 मार्चपासून, पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना 1 एप्रिलपासून, अठराच्या वरच्यांना 1 मेपासून. नागपुरात 15 मार्चला पुन्हा लॉकडाऊन लागला. एप्रिल कसा गेला ते इथे कोणाला सांगायला नको. बेडसाठी फोन, रेमडेसिविरसाठी रांगा, घाटावर रांगा. त्या महिन्याच्या अखेरीस देशात दोन्ही डोस झालेले लोक होते दोन टक्क्यांच्या आसपास.

आता लस जोरात कधी टोचली गेली ते पाहा. ऑगस्ट-सप्टेंबर 2021. एकट्या 17 सप्टेंबरला देशात अडीच कोटींवर डोस दिले गेले. 21 ऑक्टोबरला शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. लसीने मोठ्या प्रमाणावर माणसं मरत असती, तर सगळ्यात वाईट महिने सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असायला हवे होते. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात होती. मोक्षधामला, गंगाबाई घाटावर दिवाळीत एप्रिलसारखी रांग होती का? बाजारात होती. सीताबर्डीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि दूरचं एक उदाहरण. पेरू या देशात 2020 मध्येच जास्तीच्या मृत्यूंचा डोंगर उभा राहिला, जगातल्या सगळ्यात वाईट देशांपैकी एक. लस तिथे पोहोचली फेब्रुवारी 2021 मध्ये.

मग 2021 मधले एवढे लोक कशाने गेले? बहुतेक कोविडनेच, पण नोंदीविना. टेस्ट न करता घरी गेलेले, टेस्ट निगेटिव्ह पण फुप्फुस पांढरं झालेले, ॲम्ब्युलन्समध्ये गेलेले. त्यात डायलिसिस चुकलेले, हार्ट अटॅक आल्यावर कोणत्याच दवाखान्याने न घेतलेले, हेही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर कोविड मृत्यूसाठी 50 हजार रुपये मदत सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू 1 लाख 41 हजारांच्या आसपास होते आणि अर्ज आले दोन लाखांवर. काही दुबार असतील, काही खोटे असतील. गुजरातेत तर अर्ज अधिकृत मृत्यूंच्या कितीतरी पट निघाले.

इथवर आलं की समोरचा जागा बदलतो. “तेव्हा नाही हो, आता मरून राहिले न. स्लो पॉयझन आहे ते.” हा दावा जास्त चिवट, कारण त्याला शेवटची तारीखच नाही. तो तारखेने तपासता येत नाही. त्यासाठी तुलना लागते.

एक हिशेब करू. समजा एका शहरात 10 लाख प्रौढांना एका दिवशी लस दिली, आणि लसीऐवजी सिरिंजमध्ये नुसतं सलाईन होतं. प्रौढांमध्ये वर्षाला हजारी आठ मृत्यू धरले तर वर्षाचे आठ हजार, दिवसाचे बावीस, आठवड्याचे दीडशेच्या वर. म्हणजे पाण्याच्या सुईनंतरही पहिल्याच आठवड्यात दीडशे घरं म्हणणार, “सुई घेतली अन् चार दिवसांत गेले.” त्यांच्यातलं कोणीच खोटं बोलत नसेल. म्हणून लसीनंतर किती मेले हे विचारून भागत नाही. दीडशेपेक्षा जास्त मेले का, आणि लस न घेतलेल्या तशाच माणसांपेक्षा जास्त मेले का, हे विचारावं लागतं.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, अशी तुलना केली. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात 18 ते 45 वयाचे, वरकरणी धडधाकट, अचानक गेलेले 729 लोक देशातल्या 47 इस्पितळांमार्फत शोधले. प्रत्येकामागे त्याच परिसरातले, त्याच वयाचे, तेच लिंग असलेले चार जिवंत लोक घेतले, म्हणजे 2,916. दोन्हीकडे तेच प्रश्न : कोविडसाठी भरती होता का, घरात कोणी असं अचानक गेलं का, दारू, नशा, व्यायाम, लस. निघालं ते असं. कोविडसाठी भरती झालेल्यांना धोका जास्त. घरात आधी अचानक मृत्यू झालेल्यांना जास्त. मरण्याआधीच्या 48 तासांत भरमसाट दारू किंवा अंगावर येईल इतका व्यायाम केलेल्यांना जास्त. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो साधारण निम्मा होता.

या ‘निम्मा’वर मी फार उड्या मारणार नाही. आधीच खंगलेली, काळजीत असलेली माणसं लसीपासून लांब राहतात आणि सुदृढ माणसं पुढे होतात, त्यामुळे लस असते त्याहून गुणी दिसू शकते. माहितीही नातेवाइकांना विचारून घेतलेली होती. पण लस तरण्या पोरांना सपाटून मारत असती, तर ती या तुलनेत लपून राहिली नसती. जुलै 2025 मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हार्ट अटॅकने झालेल्या मृत्यूंवरून पुन्हा वाद पेटला, तेव्हाही केंद्राने याच अभ्यासाचा आणि दिल्लीच्या एम्समध्ये तेव्हा सुरू असलेल्या अभ्यासाचा हवाला दिला. एम्सच्या कामात तरुणांच्या अचानक मृत्यूचं पहिलं कारण हार्ट अटॅकच निघत होतं, साथीच्या आधीसारखंच.

तुलना नसली की काय होतं तेही 2024 मध्ये दिसलं. बनारसच्या विद्यापीठातल्या एका अभ्यासात कोव्हॅक्सिन घेतलेल्या 926 जणांपैकी एक तृतीयांश लोकांना वर्षभरात काहीतरी त्रास झाला म्हणून बातम्या आल्या. त्या त्रासांत सर्दी-खोकलाही होता. लस न घेतलेल्यांना वर्षभरात किती सर्दी होते, हे पाहिलंच नव्हतं. आयसीएमआरने त्यावर जाहीर हरकत घेतली.

आता लसीची खरी खोट. ती आहे, आणि नाही म्हणणाऱ्यांनी फार नुकसान केलं. कोविशिल्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच लस, पुण्यात सीरमने बनवलेली. तिने फार क्वचित रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घसरतात. युरोपात हे मार्च-एप्रिल 2021 मध्येच पकडलं गेलं होतं. ब्रिटनमध्ये प्रमाण निघालं साधारण 50 हजार ते 1 लाखात एक. बहुतेकदा पहिल्या डोसनंतर, महिन्या-दीड महिन्याच्या आत. एप्रिल 2024 मध्ये लंडनच्या कोर्टातल्या कंपनीच्या कबुलीची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे “आता कबूल केलं” म्हणून हलकल्लोळ झाला. जगाला ठाऊक असलेली गोष्ट आपल्या माणसाला तीन वर्षांनी, तीही कोर्टाच्या बातमीतून कळली. पण याच माहितीतून दुसरंही कळतं : 2021 मध्ये डोस घेऊन 2025 मध्ये ट्रेडमिलवर पडलेल्या माणसाचं कारण ही गुठळी नाही. तरुण मुलांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे जे परदेशी व्हिडिओ फिरतात, ते फायझर-मॉडर्नाच्या लसींबद्दल आहेत. त्या नागपूरच्या केंद्रांवर आल्याच नाहीत.

लसीने खरंच माणसं मेली तर ते कसं दिसतं, याचा जुना दाखला आहे. शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात टोचली आणि 19 जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, एकाच गावातले, थोड्याच दिवसांत. बाटली दूषित होती. हाफकिन यांची नोकरी गेली, निर्दोष ठरायला पुढची काही वर्षं लागली. पण शोध लागला, कारण मृत्यू एका जागी दाटलेले होते. देशभर विखुरलेले, वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या कारणांचे मृत्यू असा ठसा सोडत नाहीत.

आपल्याकडे ठसा उमटायला कागदच धड नाही, ही वेगळी रड. इस्पितळात मृत्यू झाला की डॉक्टर फॉर्म 4 भरतात. त्यात एकाखाली एक ओळी असतात : तात्काळ कारण, त्यामागचं कारण, आणि सगळ्याच्या मुळाशी असलेलं कारण. सर्रास पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या जातात. हृदय आणि श्वास थांबला. तो तर प्रत्येकाचाच थांबतो, त्यालाच मरण म्हणतात. घरी मृत्यू झाला तर एवढंही नाही. देशात 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22-23 टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. आणि महापालिकेच्या झोन ऑफिसमधून आपण मृत्यूचा जो दाखला आणतो, बँकेत आणि विम्याला लावतो, त्यावर कारणाचा रकानाच नसतो. घरच्यांच्या हाती कारण सहसा येत नाही, मग ते घाटावर ऐकलेलं कारण घरी घेऊन जातात.

सुप्रीम कोर्टाने 2 मे 2022 रोजी सांगितलं होतं की लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करून लोकांसमोर ठेवा, आणि कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही. पहिला भाग नीट पाळला गेला असता तर हा लेख निम्म्यात आटोपला असता.

राहता राहिला तो जिममधून आलेला पोट्टा. त्याच्या बाबतीत लसीवर खापर फोडल्याचा तोटा त्याला नाही, त्याच्या मागे राहिलेल्या भावाला आहे. घरातला अचानक मृत्यू हा स्वतःच एक धोका, हे वरच्या अभ्यासात आलंच. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आजार असतो, तो बऱ्याचदा रक्तातून येतो. आई किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. कोलेस्टेरॉल तरुणपणीच चढणं हेही काही घराण्यांत असतं. दोन्ही साध्या तपासण्यांत सापडू शकतात. तेव्हा अशा घरी पोस्टमार्टेमला नकार देऊ नये, झालं असेल तर अहवालाची प्रत मागून ठेवावी, आणि तेरवी आटोपली की भावाबहिणींनी ती घेऊन सुपरला (सरकारी सुपर स्पेशालिटी इस्पितळात) किंवा आपल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जावं : ईसीजी, इको, लिपिड. डोसचं सर्टिफिकेट मागितलं तर दाखवावं, नाही मागितलं तर राहू द्यावं.